खांड पडली, खर्च कुणाचा?

आज बांधाची गोष्ट सांगते. दोन भावांत भांडण लावतो त्या शेताच्या बांधाची नव्हे, तर खाडी आणि भात यांच्या मधे उभ्या असलेल्या बांधाची.

आमचं गाव खाडीकाठचं. आज त्याच्या चारी बाजूंना सेक्टर आहेत आणि गावाला सगळे गावठाण म्हणतात. माझ्या लहानपणी मात्र मागच्या दारी उभं राहिलं की आधी भाताची खाचरं दिसायची, त्यापुढे बांध, बांधापलीकडे तिवरं आणि मग ठाण्याची खाडी. पावसाळ्यात कधी रात्री-अपरात्री कुणीतरी ओरडत यायचं, "खांड परली रं, चला!" आणि घराघरांतून कंदील बाहेर पडायचे. पुरुष फावडी घेऊन पुढे, बायका पाट्या घेऊन मागे. आम्हा पोरांना उंबऱ्याच्या आत राहायची ताकीद असायची, आणि आम्ही ती मोडायचो.

आपल्यापैकी ज्या नंतर नव्या मुंबईत राहायला आल्या, त्यांच्यासाठी खांड म्हणजे काय ते सांगते. खाडीच्या बाजूचा जो मोठा बांध असतो त्याला आमच्याकडे बाहेरकाठा म्हणतात. तो भरतीचं पाणी अडवतो. त्या बांधाला खिंडार पडलं की ती खांड. सुरुवात अगदी क्षुल्लक असते. खेकडा बीळ करतो, त्यातून भरतीला पाण्याची धार आत येते, ओहोटीला तीच धार माती घेऊन बाहेर जाते. दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. सकाळी हाताची मूठ मावेल एवढं भोक दुसऱ्या दिवशी माणूस उभा राहील एवढं होतं, आणि उधाणाच्या दिवसांत आठवडाभर तसंच राहिलं तर होडी जाईल एवढं. खारं पाणी एकदा खाचरात शिरलं की त्या वर्षीचं भात तर जातंच, पण जमिनीत उरलेलं मीठ पावसाने धुऊन निघायला पुढचे एक-दोन पावसाळे लागतात. म्हणून खांड लगेच बुजवायची असते. 'बघू, करू' याला तिथे जागाच नसते.

घाई किती, हे तिथीवरून कळायचं. आमच्या आगरी-कोळ्यांच्या घरांत बायकांनाही हा हिशेब तोंडपाठ असे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कामापुरतं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात वर. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी खालच्या पातळीवर. मोठी खांड बांधायची ती भांगात. म्हणजे अमावास्येला बांध फुटला तर आठवडाभर तग धरायचा, पेंढा, खुंटे, जे मिळेल ते घालून तोंड आवळत न्यायचं आणि भांग लागला की बुजवून टाकायचं. पुढचं उधाण यायच्या आत माती बसलेली हवी. या कामाची मुदत चंद्र ठरवतो, आणि चंद्र मुदतवाढ देत नाही.

माती वापरायची ती तिथलीच, खाडीची चिकण. तिची ढेकळं कापून हातोहात पुढे द्यायची आणि पायांनी तुडवत थरावर थर चढवायचे. आई सांगायची, मातीच्या पाटीचं ओझं डोक्याला लागत नाही, ते गुडघ्याला लागतं, कारण चिखलातून पाय उपसायचा असतो. हे काम निम्मं बायकांचं होतं. सातबाऱ्यावर मात्र त्यांची नावं नव्हती, आणि जुन्या सरकारी कागदांत 'मजूर' एवढाच शब्द सापडतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. बांध फुटला तर हात गावाचे लागायचे हे खरं, पण खर्च कुणाचा? दगड आणायचे, लाकूड आणायचं, चार दिवस बाकीची कामं सोडून राबणाऱ्यांना खायला घालायचं. या प्रश्नाला आपल्या या किनाऱ्यावर वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरं मिळाली, आणि मला वाटतं प्रत्येक उत्तरात आपल्या आजच्या शहरासाठी काहीतरी आहे.

सगळ्यात जुनं उत्तर शिलोत्रीचं. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, खारजमिनीचा एक प्रकार होता, त्याला शिलोत्री म्हणत. कुणी पैसेवाला खाडीत बाहेरचा बांध घालून जमीन काढायचा आणि कुळांना कसायला द्यायचा. बाहेरचा बांध त्याने सांभाळायचा, आतले लहान बांध कुळांनी. त्याबद्दल कुळाने नेहमीच्या खंडाखेरीज बिघ्यामागे मणभर भात वेगळं द्यायचं, त्याचं नाव शिलोत्री मण. १८८३ साली छापलेल्या कुलाबा गॅझेटियरमध्ये या पद्धतीचं वर्णन आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला. आधीच खंड, वर आणखी मणभर! पण पुन्हा वाचताना दुसरी गोष्ट लक्षात आली. हे भात बांध फुटल्यावर गोळा होत नव्हतं. ते दर वर्षी, सुगी झाली की, बांध धड असतानाच बाजूला निघत होतं. फुटेल हे धरूनच तरतूद केलेली होती.

मण दिला तरी बांध दुरुस्त होईलच याची खात्री मात्र नव्हती. मण जमीनदाराच्या कणगीत, कणगीची किल्ली त्याच्या कनवटीला, आणि खांड कुळाच्या शेतात. जमीनदार दूर शहरात राहत असेल तर त्याला खारं पाणी चाखावंच लागत नसे. खारेपाटातली कुळं खोतांवर आणि सावकारांवर चिडली त्याची कारणं बरीच होती, त्यात हेही एक धरायला हवं. १९३३ च्या ऑक्टोबरमध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं जमीन पडीक! लोकांनी मोळ्या विकल्या, मासळी धरली, पण दुसऱ्याच्या जमिनीत नांगर घातला नाही. डॉ. आंबेडकरांनी या शेतकऱ्यांना पाठिंबा दिला, आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक त्यांनीच मांडलं. त्या सहा वर्षांत त्या घरांतल्या बायकांनी चूल कशी पेटती ठेवली, यावर खरं तर एक वेगळं भाषण व्हायला हवं.

स्वातंत्र्यानंतर खोती गेली, कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळं कायद्याने मालक झाली. हे न्यायाचं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जमीनदार गेला तसा त्याच्याबरोबर शिलोत्री मणही गेला, आणि बाहेरकाठा पोरका झाला. आतल्या शेताचा तुकडा प्रत्येकाच्या नावावर, बाहेरचा बांध कुणाच्याच नावावर नाही. मैलभर लांबीच्या बांधात माझ्या एकरामागे किती हात बांध येतो, हे कोण मोजणार? ज्याचं शेत बांधापासून लांब, त्याला घाई नसे. ज्याचं बांधाला लागून, त्याची ऐपत नसे.

सरकारला याची कल्पना होती. १९४८ मध्येच मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला, मंडळ नेमलं, आणि बांधांच्या योजना हाती घेतल्या. खर्चाचा काही भार सरकारवर आणि काही खातेदारांवर, अशी ती व्यवस्था होती. १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारजमीन विकास अधिनियम आला आणि ही जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. खात्याने बांध बांधले, उघाड्या बसवल्या, त्याने कित्येक गावांची भातशेती तगली. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तगणारी भाताची वाणं काढली. त्याआधी आमच्याकडे काळा राता, भुरा राता अशी लाल तांदळाची जुनी वाणं होती, त्याची पेज ज्यांनी प्यायली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पण एक बदल झाला तो झालाच. आता खांड पडली की गावकरी आधी अर्ज लिहू लागले. आमच्याही गावात हे झालं. बांध सरकारचा, मग माती मी का टाकू? हा प्रश्न चुकीचा म्हणवत नाही. पण अर्जावर सही होईपर्यंत दोन उधाणं येऊन जायची.

या उघाडीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर आहे. बांध नुसता बंद असून चालत नाही. पावसाचं गोडं पाणी बाहेरही जायला हवं. म्हणून बांधात एक दार ठेवतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ते बाहेर उघडतं, भरतीला खाडीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं. वीज नको, राखणदार नको. दारात लाकडाचा ओंडका किंवा गाळ अडकला नाही ना, एवढं पाहणारं माणूस मात्र हवं.

आता नव्या मुंबईकडे वळू. १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी कल्पना मांडली, की मुंबई उत्तरेला ताणत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे पूर्वेला नवं शहर वसवावं. या तिघांत एक बाई होत्या, वास्तुरचनाकार प्रविणा मेहता. आपण त्यांचं नाव क्वचितच घेतो, म्हणून मुद्दाम घेतलं. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी ठरली. त्यात भाताची खारजमीन होती, मिठागरं होती. आमच्या समाजाचं नावच आगरावरून आलेलं. या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, १९८४ च्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाटा इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. तो इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

कमी ठाऊक आहे ते हे, की शहर वसवणाऱ्या इंजिनियरांपुढेही आमच्या आज्याचाच प्रश्न होता. जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली. सगळीकडे भराव घालून ती उंच करायची तर डोंगरच्या डोंगर फोडावे लागतील आणि पैसाही तेवढाच लागेल. मग त्यांनी हॉलंडकडे पाहिलं. खाडीच्या बाजूला बांध, आत मोठे तलाव, आणि बांधात भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी झापडी दारं. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली तर नाल्यांचं पाणी तेवढे तास तलावात थांबेल, ओहोटी लागली की दारातून खाडीत जाईल. या तलावांना धारण तलाव म्हणतात. वाशीपासून बेलापूरपर्यंत असे ११ आहेत. कित्येक जणी त्यांच्या काठावर रोज संध्याकाळी फिरायला जातात आणि तो सुशोभित तळ्याचाच प्रकार आहे असं समजतात. वर्तमानपत्रांत त्याला 'डच पद्धत' म्हणतात. म्हणोत बापडे. झापडी दार पाहिल्यावर आमच्या गावातली कुठलीही म्हातारी सांगेल, ही उघाडीच आहे, फक्त लोखंडाची.

हॉलंडचं नाव निघालंच आहे तर तिथल्या लोकांनी पैशाचं काय केलं तेही पाहू, कारण दार आपण घेतलं आणि हिशेबाची वही तिथेच ठेवून आलो. तिथे तेराव्या शतकापासून बांधांची आणि पाण्याची मंडळं आहेत, गावाच्या आणि शहराच्या कारभारापासून वेगळी. बांधाच्या आड राहणाऱ्यांकडून ती स्वतःचा कर घेतात आणि तो पाण्याच्याच कामाला लावतात. आजही घेतात. जुन्या काळी बांधाचा तुकडा शेतकऱ्यांत वाटून दिलेला असे. ज्याला आपला तुकडा सांभाळणं झेपेना, त्याने बांधात आपलं फावडं रोवायचं आणि जमीन सोडून निघून जायचं. जो ते फावडं उपसेल त्याची जमीन, आणि बांधही त्याच्याच गळ्यात. कडक होतं, निर्दयीच म्हणा. आणि एवढं करूनही १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री वादळात बांध फुटले आणि तिथे १८३६ माणसं गेली. त्यानंतर त्या देशाने समुद्राच्या मुखांवर दारं आणि धरणं बांधायचं दशकानुदशकांचं काम काढलं. बांध एकदा बांधला की झालं, असं तिथे कुणी मानत नाही.

आपल्याकडे १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिका आली. पुढे सिडकोने एकेक भाग, त्यातले रस्ते, नाले, तलाव तिच्याकडे दिले. धारण तलावांत दर भरतीला गाळ येतो. झापडं झिजली, गंजली किंवा अडकली की भरतीचं पाणीही आत येतं आणि त्याच्याबरोबर तिवरांचं बी येतं. तिवर रुजलं की गाळ धरून ठेवतं, गाळ साचला की आणखी तिवर रुजतं. बांधाच्या बाहेर हेच तिवर बांधाचं रक्षण करतं, लाटेचा जोर मोडतं. तलावाच्या आत मात्र ते पाण्याची जागा घेतं. ते काढायचं तर २००५ पासून उच्च न्यायालयाचे आदेश आहेत. सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभर कांदळवन तोडायला मनाई झाली, आणि सार्वजनिक कामासाठी अगदी अटळ असेल तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. मी या निकालाच्या विरुद्ध मुळीच नाही. तो नसता तर ठाण्याच्या खाडीकाठी आज फ्लेमिंगोंऐवजी टॉवर उभे असते. पण दार वेळेवर दुरुस्त झालं असतं तर तलावात तिवर रुजलंच नसतं, हेही तितकंच खरं. हीच गोष्ट उरण, पेण, अलिबागकडच्या शेतकऱ्यांची आहे. खांड बुजवली नाही, खारं पाणी वर्षानुवर्षं आत राहिलं, भाताच्या जागी तिवर उगवलं, आणि आता ते शेत कागदावर शेत असलं तरी कसता येत नाही.

तलाव भरला की काय होतं हे आपण पावसाळ्यात पाहतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दुपारी चारच्या सुमाराला साडेचार मीटरच्या आसपास भरती होती. तसा दिवस क्वचित येतो. पण साधा मोठा पाऊस आणि उधाण एकत्र आलं तरी सखल सेक्टरांत तळमजल्यावर पाणी येतं, आणि मग कामवाल्या बाईपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना भरतीचं वेळापत्रक आठवतं.

अशा वेळी पालिका तातडीने पैसे देऊ शकते का? देऊ शकते. महानगरपालिका अधिनियम १९४९ चा आहे. त्याच्या कलम ६७ (३) (क) प्रमाणे अचानक आपत्ती आली, माणसांच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका असला, तर आयुक्त आधी मंजुरी न घेता लगेच काम करून घेऊ शकतात. मग काय केलं, किती खर्च आला, ते स्थायी समितीला कळवायचं. मला हे कलम आवडतं. रात्री कंदील घेऊन धावणाऱ्या गावाचं हे कायद्यातलं रूप आहे. पण ते खांडीचं कलम आहे, बांधाचं नाही. ते खेकड्याच्या बिळाला लागू होत नाही, कारण बीळ ही आपत्ती नसते. बिळासाठी दर वर्षीच्या अंदाजपत्रकात रक्कम लागते. पाऊस संपला की दिवाळीनंतर बांधावरून चालत जाऊन पाहणी लागते, उन्हाळ्यात माती लागते. शिलोत्री मण त्यासाठी होता. तातडीचं काम महाग पडतं, घाईत मुरूम ओतला जातो, आणि मुरूम खाडीच्या पाण्यापुढे टिकत नाही. चिकण मातीला वेळ द्यावा लागतो.

मागे मी एका झापडी दाराबद्दल एका कार्यालयात अर्ज दिला होता. भरतीला ते अर्धवट उघडंच राहत होतं. दुसऱ्या कार्यालयात जायला सांगितलं, तिथून तिसऱ्या. तिसऱ्या ठिकाणच्या तरुण इंजिनियर मुलीने मात्र माझ्याबरोबर तलावावर यायची तयारी दाखवली. आम्ही ओहोटीच्या वेळी गेलो. दाराच्या बिजागरीत नायलॉनचं जाळं गुंतलेलं होतं. तिने फोटो काढले, मी तिला तिथीचा हिशेब शिकवला. पंधरा दिवसांनी जाळं निघालं.

तुमच्या घराजवळ धारण तलाव असेल तर एकदा तुम्हीही जाऊन पाहा. फिरायची वेळ सोडून ओहोटीच्या वेळी जा. भरतीच्या वेळेत सहा तास मिळवले की ओहोटी. तलावाचं पाणी दारातून खाडीकडे जाताना दिसलं पाहिजे. मग एखाद्या दिवशी भरतीला जा. तेव्हा दार मिटलेलं हवं, आणि आतल्या बाजूला पाण्याची धार दिसता कामा नये. धार दिसली तर तारीख, तिथी आणि वेळ लिहून ठेवा, फोटो काढा, आणि विभाग कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. हे अष्टमीला करू नका, भांगात सगळी दारं चांगलीच दिसतात. पौर्णिमेनंतरच्या दोन दिवसांत जा.